आउटबोर्ड ओढत नाही, तेव्हा आधी काय बघायचं

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची ओढ कमी झाली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे किंवा प्लगकडे जातो. प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलून साफ केला जातो. दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा तशीच रेंगाळते, आणि मग इंजिन जुनं झालं असा निकाल लागतो. माझं सांगणं एवढंच आहे की अर्धा शोध पाना हातात घेण्याआधीच पुरा होतो. ओढ जाते त्या क्षणी दोन गोष्टी नीट बघायच्या: इंजिनाचा आवाज चढतो की बसतो, आणि हे निघाल्यापासून होतंय की काही वेळ चालल्यावर.

हा लेख कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या फायबर होड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. जाळी टाकायला जाणाऱ्या आणि देवबाग-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या अशा होड्यांच्या मागे बहुधा ९.९ ते ४० हॉर्सपॉवरचं, एक ते तीन सिलिंडरचं इंजिन असतं. मेकॅनिक गावात असतो आणि इंजिन बंद पडतं ते खाडीच्या मुखाशी. त्यामुळे होडी चालवणाऱ्यालाच थोडं निदान करता येणं ही सोय तर आहेच, पण जिवाच्या काळजीचीही बाब आहे.

आवाज काय सांगतो

रेस दिल्यावर आवाज झपकन चढतो, इंजिन मोकळं फिरल्यासारखं ओरडतं, आणि होडी मात्र पुढे सरकत नाही, अशा वेळी इंजिन बरं असतं. त्याची ताकद पाण्यापर्यंत पोचत नसते. दोष खाली, पंख्याकडे (प्रोपेलरकडे) शोधायचा.

आवाजच चढत नसेल, पूर्ण रेस देऊनही इंजिन दबलेलं राहत असेल, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे इंजिन खरंच कमी ताकद देतंय: इंधन, ठिणगी, हवा यांपैकी काहीतरी अपुरं आहे. दुसरी म्हणजे इंजिन ठीक आहे, पण त्याच्यावर ओझं वाढलंय. ही दुसरी शक्यता फार कमी जण तपासतात.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. सुरुवातीला होडी झकास पळते, पाच-दहा मिनिटांनी दम सोडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते आणि पुन्हा पडते. हे वेळेचं चक्र दिसलं की संशय दोघांवरच घ्यायचा: इंधन पुरेसं पोचत नाही, किंवा इंजिन गरम होतंय. इंजिन झिजलं असेल तर ते थंड असतानाही कमीच पडतं. दहा मिनिटं नीट चालून मग ते रुसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ओढ कमी झाली म्हणून रेस वाढवायची नाही. विशेषतः बहुतेक छोट्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पोचतंय याचा अर्थ ऑइलही कमी पोचतंय. अशा वेळी रेस मारत राहिलं की पिस्टन तापतो, सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. पन्नास रुपयांच्या वायसरचं दुखणं त्या पाच मिनिटांत हजारोंच्या कामावर जातं.

इंधन: टाकीपासून पुढे जायचं

इंधनाची तपासणी टाकीपासून सुरू करून इंजिनाकडे जायची, उलट्या दिशेने नाही. कार्बोरेटर या रस्त्याच्या जवळजवळ शेवटी आहे.

पहिलं ठाणं टाकीचं झाकण. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायचा राहून जातो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडखळत थांबते, कारण आत हवा शिरायला वाट नसते. इथेही तेच होतं. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, टाकीत पोकळी तयार होते, आणि काही मिनिटांनी पेट्रोल येणं थांबतं. ओढ गेली की झाकण सैल करा. 'सुस्स' करून हवा आत शिरली आणि इंजिन सुधारलं, तर शोध तिथेच संपला. काही नव्या टाक्यांमध्ये स्क्रूऐवजी आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह असतो. मिठाने आणि धुळीने तोही अडकतो.

दुसरं ठाणं नळीच्या मध्यावरचा रबरी बल्ब. या बल्बचा उपयोग फक्त इंजिन चालू करण्यापुरता आहे असं अनेकांना वाटतं. निदानाचं इतकं स्वस्त साधन होडीवर दुसरं नाही. ओढ जाऊ लागली की सोबतच्याला बल्ब हातात धरायला सांगा.

बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा बल्बच्या मागे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, मुरगळलेली किंवा सामानाखाली दबलेली नळी. बल्ब मऊ आहे आणि तो दाबत राहिलं की इंजिन जिवंत होतं, दाबणं थांबवलं की पुन्हा पडतं, अशी स्थिती असेल तर इंजिनाचा स्वतःचा फ्युएल पंप दमलाय किंवा नळीत कुठूनतरी हवा शिरतेय. पंपाच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. तो कडक झाला किंवा त्याला चीर गेली की कमी रेसला पुरतं, पूर्ण रेसला पुरत नाही. बल्ब टणक आहे आणि तरीही इंजिन उपाशी असल्यासारखं वागतंय, तर बल्बपर्यंत पेट्रोल आलेलं आहे. अडथळा पुढे, फिल्टरमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये आहे, किंवा दोष इंधनाचा नाहीच.

एक खुलासा मात्र करायला हवा. चालू इंजिनात बल्ब थोडा मऊ असणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून पंप खराब ठरवू नका. बघायचं ते हे की दाबल्याने फरक पडतो का.

नळी जिथे इंजिनाला आणि टाकीला जोडली जाते तिथल्या कनेक्टरमध्ये रबराचं वायसर असतं. ते झिजलं की पेट्रोल बाहेर गळताना दिसत नाही, पण हवा आत जाते. जुन्या नळीचा आतला थर सुटून आतल्या आत झडपेसारखा आडवा येतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. यावर उत्तम परीक्षा म्हणजे दुसऱ्या होडीची टाकी आणि नळी, दोन्ही एकत्र उसनी आणून लावायची. इंजिन सुधारलं तर वरचं काहीही उघडायची गरज नाही. नाही सुधारलं तर टाकी आणि नळी दोन्ही निर्दोष ठरतात. एका चाचणीत निम्मा प्रदेश बाद होतो, आणि खर्च शून्य.

आता पेट्रोलबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत इथे मोठा फरक पडलाय. २०२२ मध्ये देशातलं पेट्रोल सरासरी १० टक्के इथेनॉल मिश्रणापर्यंत पोचलं, २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली, आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागलं. आउटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये मात्र १० टक्क्यांपर्यंतचंच मिश्रण चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतलं ते पान एकदा वाचून घ्या.

इथेनॉल पाणी धरून ठेवतं. किनाऱ्यावरची हवा दमट, टाकी अर्धी रिकामी, रात्री गारवा आला की आतल्या भिंतींवर दव धरतं. ते पाणी इथेनॉल शोषत जातं. एका मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते ती नेमकी तळातून. टू-स्ट्रोकसाठी हे आणखी वाईट, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच.

ओळखायचं कसं? फिल्टरमधलं किंवा टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला, मध्ये रेघ दिसली, तर पाणी आहे. ते पेट्रोल वाचवायच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि त्याच काळात टाकीत उरलेलं पेट्रोल सगळ्यात जास्त नासतं. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा होडी काढताना इंजिन कुरकुरतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. होडी वर काढताना टाकी रिकामी करायची, पेट्रोलची नळी काढून इंजिन चालवून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवायचं, आणि त्याच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू उघडून उरलेलं काढून टाकायचं. इंजिन जमिनीवर चालवताना गोड्या पाण्याची नळी लावलेली हवी, कोरडं चालवायचं नाही. वीस मिनिटांचं काम आहे आणि पुढचा सगळा त्रास वाचतो.

इतकं सगळं तपासून झाल्यावर कार्बोरेटरची पाळी. संथ चालीला इंजिन नीट, पण रेसला दम नाही, असं असेल तर मेन जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) कचरा किंवा डिंकासारखा थर आहे. उलट, रेसला ठीक आणि संथ चालीला बंद पडत असेल तर छोटा जेट चोक झालाय. जेट तारेने टोकरायचा नाही. त्याचं भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा वापरायची.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचं थोडं वेगळं आहे. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात. इंजिन पुरेसं तापायच्या आत बदललं की ते दबतं आणि धूर सोडतं. शिवाय काजळी जास्त धरत असल्याने प्लग आणि धुराचा मार्ग लवकर भरतो. अशा इंजिनाची ओढ महिन्यामहिन्याने हळूहळू उतरत असेल तर काजळी हाच पहिला संशय.

पाण्याची धार

इंजिनाच्या मागून किंवा बाजूने जी बारीक पिचकारी पडते, ती चालवणाऱ्याने दर काही मिनिटांनी मान वळवून बघायलाच हवी. आउटबोर्ड समुद्राचंच पाणी ओढून थंड राहतं. खालच्या पायात, पंख्याच्या वर, एक रबरी इंपेलर असतो. तो पाणी वर ढकलतो. ओहोटीला उथळ खाडीत, वाळूच्या पट्ट्यावरून होडी नेली की वाळू आत जाते आणि इंपेलरची पाती झिजतात. काही सेकंद कोरडं चालवलं तरी पाती जळतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे पट्टे हंगामागणिक जागा बदलतात, त्यामुळे अशा ठिकाणच्या होड्यांचा इंपेलर दर वर्षी बदलणं मी आवश्यकच मानतो.

धार बारीक झाली किंवा थांबली तर आधी इंजिन बंद करा, मग पाय वर उचलून बघा. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली सापडणं हे आता रोजचं झालंय. ते नसेल तर पिचकारीच्या भोकात बारीक तार घाला. अनेकदा चिखलाने फक्त ते भोकच बुजलेलं असतं आणि इंजिन आतून थंडच असतं. तरीही धार आली नाही तर त्या इंजिनावर पुढे जायचं नाही.

नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांमध्ये तापमान वाढलं किंवा ऑइलचा दाब उतरला की इंजिन स्वतःच आपली गती बांधून घेतं आणि भोंगा वाजतो. चालवणाऱ्याला वाटतं इंजिन बिघडलं. वास्तविक ते स्वतःला वाचवत असतं. अशा वेळी रेस कमी करायची, बंद करून धार, जाळी आणि ऑइलची पातळी बघायची. जुन्या छोट्या टू-स्ट्रोकला असा भोंगा नसतो. ते गरम होऊन ढिलं पडतं आणि त्यानंतरची पायरी जाम होण्याची असते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने आतून धुणं याला पर्याय नाही, कारण आतल्या वाटांमध्ये मीठ साचत जातं आणि थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारी झडप) अडकतो.

ठिणगी आणि एक सिलिंडर

दोन सिलिंडरच्या इंजिनाचं एक सिलिंडर बंद पडलं तरी इंजिन चालू राहतं, फक्त थरथरतं, आवाज जाडाभरडा होतो आणि होडी पाण्यावर उठत नाही. नेमकं कोणतं सिलिंडर बंद आहे हे शोधायला बंदरात उभं राहून इंजिन चालवा, मग बंद करा आणि दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक कोरडा, विटकरी-तपकिरी आणि दुसरा ओला, काळा दिसला तर ओल्या बाजूला जळणच होत नाहीये. आता दोन्ही प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर कॉइल (प्लगला वीज देणारा भाग), वायर किंवा सिलिंडरच. प्लग पांढराफटक आणि भाजल्यासारखा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, पुन्हा वर सांगितलेल्या इंधनाच्या तपासणीकडे जा. चालू इंजिनावर प्लगची वायर हाताने ओढून बघायची सवय काहींना असते. ते करू नका. झटका जबर असतो आणि इलेक्ट्रॉनिक युनिटही जळू शकतं.

काहीच सापडलं नाही तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. दोन सिलिंडरच्या आकड्यांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचं काम आहे. हे शेवटी करायचं असं म्हणतात, पण मोजमापाला काही मिनिटंच लागतात. जुनं इंजिन विकत घेताना तर ते आधीच करावं.

पंखा, आणि होडी स्वतः

पंख्याच्या मध्ये रबराचं बुश असतं. पंखा खडकाला लागला तर गिअर तुटू नये म्हणून ते असतं. बुश सुटलं की हळू चालताना काही कळत नाही, रेस दिली की दांडा आत फिरतो आणि पंखा मागे राहतो. तपासायला बुशच्या आतल्या नळीपासून पंख्यापर्यंत रंगाची सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटून सरकलेली दिसली तर बुश गेलं. अगदी छोट्या इंजिनांमध्ये बुशऐवजी पिन असते. ती तुटते तेव्हा होडी जागीच थांबते.

पंख्यामागे गुंडाळलेली जाळ्याची तंगूस (नायलॉनचा दोरा) नुसती ओढ कमी करत नाही, ती सील कापते. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. वळणावर किंवा लाटेवर इंजिन एकदम ओरडत असेल तर पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळतेय, इंजिन फार वर बसवलंय का ते पाहा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारणपणे होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी.

आणि होडी. काही आठवडे पाण्यात उभ्या असलेल्या होडीच्या तळाला शेवाळ आणि खरखरीत शिंपले धरतात, आणि तेवढ्याने चांगलं इंजिन दमतं. दुहेरी तळाच्या फायबर होडीत फटीतून पाणी शिरून ते आत साठून राहतं. वरून दिसत नाही, पण होडी पाण्यात खोल बसते. मेकॅनिकला बोलावण्याआधी होडी रिकामी करून, एकट्याने, सपाट पाण्यात चालवून बघा. एकट्याने उत्तम आणि दहा माणसांनी ढिली, याचा अर्थ इंजिनात दोष नाही. माणसं कमी करायची.

इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये घेऊन, रेसची केबल पूर्ण ओढल्यावर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का हेही एकदा बघा. गंजलेली केबल पाऊणच उघडते, आणि या साध्या कारणासाठी आख्खी इंजिनं खोललेली आहेत.

पाण्यात असताना

खाडीच्या मुखाशी ओढ गेली तर सगळ्यात आधी नांगर. ओहोटीचं पाणी होडीला बाहेर किंवा वाळूवर नेत असतं, आणि इंजिनात डोकं घातलेल्या माणसाला ते कळत नाही. लाइफ जॅकेट घालायचे, मग झाकणाचा स्क्रू, बल्ब, नळीचे जोड, पाण्याची धार, पंख्यातला दोरा, या क्रमाने बघायचं. उघड्या समुद्रात कार्बोरेटर खोलायचा नाही. हलत्या होडीत सांडलेलं पेट्रोल आणि तळात पडलेला जेट, दोन्ही महाग पडतात. पाच-दहा मिनिटांत जमलं नाही तर मदत मागा: व्हीएचएफ (वायरलेस रेडिओ) असेल तर चॅनेल १६, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

होडीवर कायम ठेवायच्या वस्तू फार नाहीत. दोन प्लग आणि प्लगपाना, कनेक्टरची वायसरं, एक फिल्टर, पंख्याची पिन किंवा नट आणि खिळा, चालू करायची दोरी, बारीक तार, चाकू, पक्कड, आणि वल्ही. मेकॅनिककडे जाताना आणखी एक गोष्ट न्या: ओढ कधी गेली, किती मिनिटांनी, आवाज चढला की बसला, बल्ब कसा होता, धार पडत होती का, हे कागदावर लिहून. नुसतं "ओढत नाही" एवढंच सांगितलं तर तोही कार्बोरेटरपासूनच सुरुवात करेल.